लांब वातीच्या फटाक्याची गोष्ट

त्या सकाळी शाळा सारवायची पाळी माझी होती, बाई. मी चौथीत होते, शनिवारची सकाळची शाळा. मी घरून शेणाची पाटी घेऊन आले, आडावरून दोन कळश्या पाणी आणलं, व्हरांडा झाडला आणि आतल्या कोपऱ्यापासून सारवत सारवत दाराकडं आले. तुम्ही येडशीहून पहिल्या एसटीनं यायचा. त्या दिवशी आलात तर हातात पिशवीऐवजी काळा टेपरेकॉर्डर होता, जुन्या साडीच्या घडीत गुंडाळलेला. जमीन ओली होती म्हणून तुम्ही चपला हातात घेऊन भिंतीच्या कडेकडेनं आत गेलात आणि तो खुर्चीवर ठेवलात. मला म्हणालात, हात धुऊन ये, जिल्ह्याच्या गोष्टींच्या स्पर्धेला आधी तुझीच गोष्ट घेऊ. मी हात धुतले, पण नखांतलं शेण निघालं नव्हतं, ते झाकायला मी हात पाठीमागं बांधून उभी राहिले.

ती गोष्ट मी स्वतः बांधली होती. आमची म्हैस बाजाराला जाते आणि माझ्या बापाला विकायला उभा करते. गिऱ्हाईक येऊन बापाचे दात बघतात, पाठीवर थाप मारतात, हा खातो किती आणि कामाला कसा, असं म्हशीलाच विचारतात. म्हैस खरं खरं सांगते, म्हणून बाप विकला जात नाही आणि संध्याकाळी दोघं परत घरी येतात. तुम्ही हसताना पदर तोंडाला लावला होता. डोळ्यांतून पाणी आलं होतं तुमच्या. मग तुम्ही फीत उलटी फिरवली आणि लावली. माझा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा बाहेरून ऐकला. मला तो आमच्या आईच्या आवाजासारखा वाटला आणि मी खूश झाले. तुमच्या तोंडावरचं हसू मात्र कमी कमी होत गेलेलं मी बघितलं.

तुम्ही म्हणालात, गोष्ट छान आहे गं, पण जिल्ह्याच्या लोकांना हे बोलणं चालायचं नाही. आणि तुम्ही तलाठ्यांच्या मुलीला बोलावलं. ती आमच्या वर्गात नवीन आली होती, पुस्तकातल्यासारखी बोलायची. तुम्ही माझी गोष्ट वहीत उतरवून घेतली होती, ती तिला वाचायला लावली. फीत एकच होती. माझ्या आवाजावरच तिचा आवाज चढला. मी तिथंच उभी होते, हात पाठीमागं तसेच. तिनं वाचताना माझ्या 'म्हैस म्हनली'चं 'म्हैस म्हणाली' केलं, तेव्हा कुणी हसलं नाही, आणि मला वाटलं आपली म्हैस कुणीतरी धुऊन, शिंगांना रंग लावून, दुसऱ्याच्या गोठ्यात बांधली. जिल्ह्याला दुसरा नंबर आला. प्रमाणपत्रावर तिचं नाव. तुम्ही मला तुमचा स्वतःचा शाईपेन दिलात आणि म्हणालात, "तू लिहीत जा. बोलायचं काम दुसरे करतील."

बाई, चाळीस वर्षांहून जास्त झाली. मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर तुमच्याविरुद्ध बोलावं लागतं, आणि तुमच्याविरुद्ध बोलायला माझ्याजवळ दुसरं काही नाही. तुम्ही चिंचोक्यांनी बेरीज शिकवलीत. भेंडीच्या देठाचे ठसे उमटवून फुलं काढायला लावलीत. पाठाच्या टाचणाच्या वहीत दर सोमवारी 'या आठवड्यात नवीन काय' अशी ओळ लिहायचात आणि आम्हाला वाचून दाखवायचात, जसं काही आम्ही तुमचे साहेब आहोत. आमच्या गावात टेपरेकॉर्डर पोरांसाठी कुणी आणला असेल तर तो तुम्हीच. आणि त्याच टेपरेकॉर्डरनं तुम्ही मला गप्प केलंत. दोन्ही खरं आहे. तुम्ही वारलात ते मला येरमाळ्याच्या बाजारात कळलं, दोन वर्षांनी, तेव्हा मी भाजीची पिशवी खाली ठेवून रडले आणि रडतानाही मनात तोच राग होता.

चौथीनंतर शाळा सुटली, पण वाचणं सुटलं नाही. पुड्यांचे कागद, कॅलेंडरच्या मागची बाजू, दुसऱ्याच्या पोरांची पुस्तकं, पुढं ग्रामपंचायतीच्या कपाटातली कादंबऱ्यांची बाडं, जे मिळेल ते वाचलं. सगळं मनातल्या मनात. लोक म्हणायचे हिला वाचायची आवड. आवड होतीच, पण त्यात बोलावं लागत नाही हे मोठं सुख होतं. माझा नवरा गवंडी होता, त्याला अक्षर येत नव्हतं. संध्याकाळी कामावरून आला की हातपाय धुऊन बसायचा आणि म्हणायचा, मोठ्यानं वाच की, मलाबी ऐकू दे. मी डोळ्यांनी वाचायची आणि मग त्याला सांगायची, असं असं लिहिलंय. तो म्हणायचा, तू पोस्टमनपेक्षा वरचढ हायेस, पाकीट फोडून मजकूरच पोचवतीस. धाराशिवच्या दवाखान्यात शेवटचे नऊ दिवस होता, तेव्हाही एकदा म्हणाला. मी वर्तमानपत्र धरलं, ओठ हलवले. शेजारच्या खाटेवर माणसं होती. आवाज आला नाही. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढंच सांगते त्याबद्दल, कारण त्याबद्दल लिहायला बसले तर हे पत्र त्याचं होईल, आणि आज मला तुमच्याशी भांडायचंय.

मी आता त्याच शाळेत खिचडी शिजवते. खोली पक्की आहे, सारवायचं काम नाही. शाळेत सगळे मला मावशी म्हणतात. पोरं बाराच उरली आहेत, शिक्षक दोन, त्यातल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. राहिलेले सर तरुण आहेत, धाराशिवहून मोटरसायकलवर येतात. माणूस वाईट नाही, हे आधीच लिहून ठेवते. पोरांच्या शेंबडाला स्वतःचा रुमाल लावणारा माणूस आहे. जूनमध्ये त्यांना वरून एक कागद आला. शिक्षकानं या वर्षाची आपली उद्दिष्टं लिहून द्यायची, अध्यापनात तंत्रज्ञान आणि सर्जनशीलता कशी आणणार ते लिहायचं, आणि वर्षाच्या शेवटी किती पुरं झालं ते पुराव्यासकट दाखवायचं. सर तो कागद घेऊन माझ्याजवळ येऊन बसले, मी तांदूळ निवडत होते. म्हणाले, मावशी, सर्जनशीलता म्हणजे काय लिहू? मी म्हटलं, आमच्या बाई असत्या तर त्यांनी लिहिलं नसतं, करून दाखवलं असतं. ते हसले आणि म्हणाले, आता उलटं आहे, आधी लिहायचं, मग केल्यासारखं दाखवायचं. तेव्हा मला ते बोलणं गमतीचं वाटलं.

त्यांनी दोन उद्दिष्टं लिहिली. दर महिन्याला पोरांनी स्वतः बांधलेली एक गोष्ट मोबाइलवर घेऊन तिचा व्हिडिओ करायचा. आणि वर्षभरात शाळेतलं प्रत्येक मूल एकदा तरी कॅमेऱ्यासमोर बोलेल. ही दुसरी ओळ त्यांनी मला दोनदा वाचून दाखवली, खूश होऊन. मीही खूश झाले. बाई, ती ओळ तुम्हीच लिहावी अशी होती.

अकरा पोरं दिवाळीपर्यंत बोलून झाली. राहिली एक. तिसरीतली पोरगी, बोलताना अडखळते. एखादा शब्द तिच्या तोंडात असा अडकतो की मान पुढं ओढली जाते, डोळे मिटतात, आणि आपण वाट बघायची. वर्गात ती बोलतच नाही. पाटीवर लिहून दाखवते किंवा मान हलवते. तिची आई तेरखेड्याला फटाक्यांच्या कामाला जाते, सकाळच्या टमटमनं, म्हणून ही पोरगी शाळा भरायच्या तासभर आधीच येऊन माझ्याजवळ बसते. तांदूळ निवडू लागते. तेव्हा मात्र ती बोलते. का, ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. दोघींची नजर ताटात असते. तिच्या तोंडाकडं कुणी बघत नाही.

सर दिवाळीनंतर मला म्हणाले, मावशी, हिच्यामुळं माझं उद्दिष्ट अडकलंय, तुमच्याशी बोलते तर तुम्हीच बघा. मग मीच युक्ती सांगितली. मोबाइल तांदळाच्या पोत्याला टेकवून ठेवा आणि तुम्ही बाहेर जा. पोरीपासून लपवलं नाही मी, तिला सांगितलं की हे चालू आहे. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि तांदळात हात घातला.

तिनं सांगितलेली गोष्ट अशी. एक फटाका होता, त्याची वात लई लांब होती. आईनं चुकून लांब केली. सगळ्यांनी त्याला पेटवला आणि कान झाकून उभे राहिले. वात जळायलीय, जळायलीय, फटाका काय वाजेना. सरपंच म्हणाले हा फुसका आहे आणि घरी गेले. मग सगळेच गेले, जेवले, झोपले. एक कोंबडी तेवढी राहिली, कारण तिला कान नव्हते झाकायला. ती वातीच्या मागं मागं चालली. सकाळी फटाका वाजला. एवढा मोठा वाजला की येरमाळ्यापर्यंत ऐकू गेला. आणि कोंबडीनं अंडं दिलं. मी विचारलं, मग पुढं? ती म्हणाली, मग काय, अंडंच, आणि तांदळातला खडा उचलून टाकला. ही एवढी गोष्ट सांगायला तिला अकरा मिनिटं लागली. 'फटाका' हा शब्दच तिला सगळ्यात जड जातो, आणि तिनं गोष्ट नेमकी त्याचीच बांधली. दर वेळी तो शब्द येईपर्यंत मी खाली बघत राहिले. अकरा मिनिटांत मला एकदाही कंटाळा आला नाही. बाई, खरं सांगते, तो शब्द येईपर्यंत जे थांबावं लागायचं त्यामुळं ती वात खरंच जळतेय असं वाटायचं.

आठ दिवसांनी सरांनी सगळ्या पोरांना वर्गातल्या टीव्हीसमोर बसवलं. मी दारात उभी होते. पडद्यावर आमची पोरगी, आमचं पोतं, माझे हात. आणि तिच्या तोंडून एक दुसरीच मुलगी बोलायला लागली. गोड, सपाट, कुठं न थांबणारा आवाज. सर म्हणाले, हा यंत्राचा आवाज आहे, आपण मजकूर लिहून द्यायचा, ते बोलतं, एआय म्हणतात त्याला. जिथं तिचं तोंड अडकलेलं दिसत होतं तिथं त्यांनी चित्रं घातली होती, फटाक्याची, कोंबडीची. गोष्ट दोन मिनिटांत संपली. अंडं काढून टाकलं होतं. त्याच्या जागी अक्षरं आली, तात्पर्य, संयमाचं फळ गोड असतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी तोंड उघडं ठेवून बघत होती. तिनं गळ्यावर हात ठेवला होता, जसं काही तो आवाज तिथून निघतोय का ते चाचपून बघतेय. मग ती हसली. घरी जाताना उड्या मारत गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याजवळ येऊन बसायची, तांदूळ निवडायची, पण बोलायची नाही. मला वाटलं पोट दुखत असेल. चार दिवस गेले, आठवडा गेला. मी विचारलं की मान हलवायची. तिला खुलवायला मी विचारलं, त्या कोंबडीच्या अंड्यातून काय निघालं गं? तिनं ताटातला एक खडा बाजूला काढला. मग कशीबशी, एकेक शब्द ओढत म्हणाली, "मावशी, टीव्हीतली माझ्यापेक्षा बरी बोलती. तिलाच इचारा."

माझ्या हातातलं ताट खाली ठेवलं मी. बाई, मला चौथीतली मी दिसली नाही, तसं काही झालं नाही. मला फक्त राग आला. आठ वर्षांच्या पोरीला आपण तिच्याहून बरी एक पोरगी करून दाखवली आणि वर टाळ्या वाजवल्या. आता तिनं कशाला तोंड उघडावं? ज्या यंत्राला अकरा मिनिटं थांबता येत नाही त्याला गोष्ट कळली, असं कोण म्हणतं? आणि ते अंडं काढायचा अधिकार कुणी दिला? त्या गोष्टीत अंडंच तर खरं होतं. तात्पर्य तिनं सांगितलंच नव्हतं. तात्पर्य लागतं कुणाला, तर ज्यांना पुरावा जोडायचा असतो त्यांना.

एवढ्यावर थांबलं असतं तरी कदाचित मी गप्प बसले असते. गप्प बसायची मला सवय आहे. पण काल सर खिचडीच्या वेळेला आले, हातात मोबाइल, चेहरा खुललेला आणि घाबरलेला, दोन्ही. तालुक्याच्या साहेबांना व्हिडिओ फार आवडला. शुक्रवारी वाशीला सगळ्या शिक्षकांचा मेळावा आहे, तिथं 'त्या मुलीला' आणा, तिनं स्टेजवर गोष्ट सांगावी, असा निरोप. मी म्हटलं, मग आता? सर म्हणाले, चौथीतल्या त्या बोलक्या पोरीला नेतो. गोष्ट पाठ करून घेतो. गणवेश एकच आहे, दोन वेण्या घातल्या की व्हिडिओतलीच वाटेल. हे सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते, भांड्याकडं बघत होते.

मी म्हटलं, साहेबांना सांगा की ते यंत्र होतं. ते म्हणाले, मावशी, आता तसं सांगता येत नाही, मी वर पाठवताना 'मुलांची स्वनिर्मिती' असं लिहून पाठवलंय. मी म्हटलं, मग हिलाच न्या. ते म्हणाले आणि खरंच कळवळून म्हणाले, तिथं दोनशे माणसं असतील, ती अडकली आणि कुणी हसलं तर तिला जन्माचं लागेल, तुम्हाला तिचं काहीच वाटत नाही का? मी पाण्याचा तांब्या भांड्यात ओतला, झाकण ठेवलं आणि मग म्हटलं,

"सर, माणसं हसली तर तिला एक दिवस लागंल. तिच्या जागी दुसरी उभी केली तर तिला रोज लागंल. ह्यातलं मला मालूम हाय, तुमाला न्हाय."

ते म्हणाले, तुम्हाला कसं माहीत? सांगायचं तर तुमचं नाव काढावं लागलं असतं, बाई, आणि त्या माणसाच्या मनात तुम्ही अजून चिंचोक्यांच्या, भेंडीच्या फुलांच्या बाई आहात. मीच तसं सांगत आले आहे. सर निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले की मावशी, स्वयंपाकाचं तुम्ही बघा, शिकवण्याचं मी बघतो. ते बोलणं त्यांना शोभलं नाही. त्यांनाही ते लगेच कळलं असावं, कारण दारातून ते एकदा वळले आणि मग गेले.

आज दुपारी घरी येऊन हे लिहायला बसले. बाई, मला तुम्हाला विचारायचं आहे. त्या दिवशी फीत पुसताना तुम्हाला काही वाटलं का? की तुम्हीही माझ्या भल्यासाठीच केलंत, लोक हसतील म्हणून? तुम्हीही टाचणात लिहिलं असेल का, या आठवड्यात नवीन काय, टेपरेकॉर्डरचा वापर, विद्यार्थिनीची स्वनिर्मिती? ज्याला शिकवायचं त्याच्यापेक्षा दाखवायच्या माणसाकडं तोंड करून तुम्ही लोक का उभे राहता? तेव्हा जिल्हा होता, आता तालुका आहे. तेव्हा फीत होती, आता एआय आहे. यंत्रावर माझा राग नाही. मोबाइल नसता तर तिची ती अकरा मिनिटं कुठं राहिली असती? पोत्याला टेकवलेला तो मोबाइल माझ्याहून शहाणा होता, गुमान ऐकत होता. नंतर त्यात हात घातला तो माणसांनी. आणि मूल गप्प बसलं की त्याला शहाणं म्हणायला तुम्ही मोकळे. मीही चाळीस वर्षं शहाणी म्हणून राहिले. तुमचा पेन मी कधी वापरला नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. शाई वाळली, मग गावातल्या गावातच सासरी येताना तो कुठं गेला तेही मला माहीत नाही, आणि मी शोधला नाही.

हे पत्र लिहून तुम्हाला दोष देऊन उठावं, असं ठरवून बसले होते. पण मघाशी एक गोष्ट मी गाळली, ती लिहिल्याशिवाय उठता येत नाही. सरांनी तो व्हिडिओ वर्गात लावायच्या आदल्या दिवशी मला एकटीला दाखवला होता. चुलीजवळ उभं राहून, मोबाइलवर. म्हणाले, मावशी, जमलंय का, तुम्ही म्हणाल तर लावतो. तो स्वच्छ आवाज ऐकून पहिल्यांदा मला बरं वाटलं. पोरीची मान ओढलेली दिसत नव्हती, ते बघून सुटल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, छान झालंय. अंडं नाही हे मला तेव्हाच दिसलं होतं. मी म्हटलं, छान झालंय, लावा. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी लावला नसता, एवढं ते मला मानतात. वर्गाच्या दारात मी उभी होते ते नवीन काही बघायला नव्हे, पोरं टाळ्या वाजवतात का ते बघायला.

हे इथवर लिहिलं आणि थांबले. पाठवायचं तर कुठं, हा प्रश्न नाही, तुम्ही असतात तरी मी हे तुमच्या हातात दिलं नसतं. वहीत घडी करून ठेवलं होतं. त्याच्या खाली हे चार दिवसांनी लिहिते आहे, म्हणजे अर्धवट राहायला नको.

ते लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टमटम यायच्या आधी मी त्या पोरीच्या घरी गेले. तिची आई डबा भरत होती. मला बघून ती घाबरली, म्हणाली, काय झालं आक्का, पोरीनं काय केलं? मी म्हटलं, तिनं काय न्हाय केलं, आमी केलं. मग सगळं सांगितलं, पहिल्यापासून, आणि मला आधी दाखवलं होतं आणि मी छान म्हटलं होतं, तेही सांगितलं. ती डब्याचं झाकण हातात धरून ऐकत राहिली. टमटम आली, हॉर्न वाजवून निघून गेली. मला वाटलं ही मला शिव्या देईल. ती म्हणाली, "म्या तिला घरात कधी एवढं बोलू दिलंच न्हाय आक्का. पटकन सांग, मला जायचंय, हेच म्हणत आले."

आम्ही तिघी शाळेत गेलो. आईनं सरांना एवढंच म्हटलं की मला माझ्या लेकीचा आवाज ऐकवा, पयला व्हता तो. सरांनी तो ठेवला होता, पुसला नव्हता. त्यांनी बारा पोरांसमोर टीव्हीवर तो लावला. आई अकरा मिनिटं उभीच होती. एक-दोन पोरं सुरुवातीला हसली, मग कोंबडी आली तेव्हा सगळीच हसली, आणि अंड्याला सर हसले. संपल्यावर सरांनी खाली बसून त्या पोरीला विचारलं, शुक्रवारी वाशीला यायचं का, तू म्हणशील तसं. तिची मान पुढं ओढली गेली, डोळे मिटले. सरही थांबले, मी घड्याळ बघितलं नाही. ती म्हणाली, "न्हाय." मग सरांनी तिथंच साहेबांना फोन लावला, सांगितलं की आमच्या शाळेतून कुणी येणार नाही, आणि तो आवाज मुलीचा नव्हता. त्यांचे कान लाल झाले होते. समोरून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं.

मी स्वयंपाकघरात गेले आणि तांदूळ धुतले. त्या दिवशी खिचडीला उशीर झाला.